पाच बदामांवर काय करायचे? ११ आयएमपी घालवणाऱ्या एका डावाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हा डाव ब्रिजच्या टीम-ऑफ-फोर सामन्यातला आहे, म्हणजे चौघांच्या दोन टीम दोन टेबलांवर खेळतात. दोन्ही टेबलांवर तीच पाने खेळली जातात आणि गुणांतला फरक आयएमपीत (इंटरनॅशनल मॅच पॉइंट, म्हणजे सामन्याचे गुण) बदलला जातो. ज्यांच्या बाजूने हा अभ्यास केला आहे ती उत्तर-दक्षिण जोडी बऱ्याच काळापासून एकत्र खेळते. पद्धत नेहमीची: मेजर रंगात (इस्पिक, बदाम) पाच पानांवर ओपनिंग म्हणजे पहिली बोली, १ नोट्रम्प (हुकूम नसलेली बोली) १५ ते १७ पॉइंटांवर (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). गेम (बोनस देणारी बोली, इस्पिक-बदामांत चार) आणि स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) यांवर दोघांनी भरपूर काम केले होते. प्रतिपक्ष मध्ये घुसला आणि बोली पाचव्या पातळीवर (म्हणजे अकरा हात करण्यावर) गेली तर काय, याबद्दल मात्र त्यांच्या टिपणात एकच ओळ होती: "आपण गेम बोललो आणि ते त्याच्या वर गेले, तर पास फोर्सिंग."

पास फोर्सिंग म्हणजे त्यानंतर भिडूला पास करता येत नाही, डबल किंवा पुढची बोली करावीच लागते. ही ओळ वाचायला पुरेशी वाटते. गेम 'कशा प्रकारे' बोललो याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि नुकसान तिथूनच सुरू झाले.

पाने आणि बोली

दक्षिण डीलर. उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल (गेमचा बोनस आणि बुडण्याचा दंड दोन्ही जास्त), पूर्व-पश्चिम नाहीत.

दक्षिण: इस्पिक एक्का, राजा, गुलाम, ७, ३, बदाम ४, चौकट एक्का, ९, ६, ३, किलवर गुलाम, ८, २.

पश्चिम: इस्पिक ९, ५, २, बदाम एक्का, राजा, गुलाम, १०, ८, ३, चौकट ८, किलवर एक्का, राणी, ६.

उत्तर: इस्पिक राणी, १०, ६, ४, बदाम ९, ५, चौकट राजा, राणी, गुलाम, ७, ४, किलवर राजा, ५.

पूर्व: इस्पिक ८; बदाम राणी, ७, ६, २; चौकट १०, ५, २; किलवर १०, ९, ७, ४, ३.

पहिल्या टेबलावर बोली अशी झाली:

दक्षिण १ इस्पिक, पश्चिम २ बदाम, उत्तर ४ इस्पिक, पूर्व ५ बदाम.
दक्षिण पास, पश्चिम पास, उत्तर डबल (प्रतिपक्ष बुडाला तर दंड वाढतो), मग तिघांचे पास.

उत्तरने चौकट राजाची उतारी केली. बचावाला एक चौकट, एक इस्पिक आणि एक किलवर असे तीन हात मिळाले. पश्चिमचे दहा हात झाले, कॉन्ट्रॅक्ट (बोललेले अकरा हात) एकने बुडाला, उत्तर-दक्षिणला १०० गुण. त्यांचा ५ इस्पिक मात्र जमत होता: पाच इस्पिक, पाच चौकट आणि किलवरचा राजा, मिळून अकरा हात आणि ६५० गुण.

नक्की चुकले कुठे

डाव संपल्यावर चर्चा शेवटच्या डबलवर अडकली. दक्षिणचे म्हणणे, भिडूने ५ इस्पिक बोलायला हवे होते. उत्तरचे म्हणणे, तुझ्याकडे एकच बदाम आणि चौकटचा एक्का होता, तर तू का बोलला नाहीस? दोघांचेही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर होते, म्हणूनच वाद मिटेना.

या डावात उत्तरच्या दोन बोली आणि दक्षिणचा एक पास अशा तीन निर्णयजागा आहेत. दक्षिणने डबलवर केलेला पास सोडून देऊ. भिडूने डबल केल्यावर इस्पिकचे एक्का-राजा आणि चौकट एक्का धरणाऱ्याने तो काढायला काहीच कारण नव्हते. उरलेल्या तिघांत शेवटचा निर्णय सर्वांत जास्त डोळ्यांत भरतो, पण तो घेताना उत्तरसमोर पुरेशी माहितीच नव्हती. ती माहिती देण्याची संधी दोन बोलींपूर्वी होती आणि ती वापरली गेली नाही.

उत्तरची पहिली बोली

१ इस्पिकवर पश्चिमने २ बदाम म्हटले, तेव्हा उत्तरसमोर चार मार्ग होते.

४ इस्पिक ही थेट उडी सर्वांत सोपी आणि जोरदार दिसते. पण बहुतेक जोड्यांच्या पद्धतीत तिचा अर्थ ठरलेला असतो: इस्पिकची लांब साथ, बहुधा पाच पाने, कुठेतरी एकच पान, आणि पॉइंट कमी. हेतू एवढाच की प्रतिपक्षाची जागा खाऊन टाकायची. इथे उत्तरकडे साथ चारच पानांची होती, एकपानी रंग एकही नव्हता, पॉइंट ११ होते आणि त्यांतले ६ एकाच बाजूच्या रंगात एकवटले होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाबतीत पाने बोलीच्या उलट होती.

३ बदाम ही क्यू बिड (प्रतिपक्षाच्याच रंगातली बोली) 'इस्पिकची साथ आहे, निदान गेमच्या आमंत्रणाइतकी ताकद आहे' हे सांगते. ताकदीचा प्रश्न त्याने सुटतो. पूर्व पुढे ५ बदामांवर गेला तरी दक्षिणला कळते की भिडूकडे खरी पाने आहेत. पण चौकट कळत नाही, आणि या डावात चौकट हाच निर्णायक रंग होता.

३ चौकट ही फोर्सिंग बोली रंग दाखवते, पण साथ लपवते. पूर्वने मध्ये ५ बदाम टाकले की उत्तरला साथ पहिल्यांदा पाचव्या पातळीवर सांगावी लागते. दक्षिणला तोपर्यंत इस्पिक जुळतात की नाही हेच ठाऊक नसते. मोठ्या फिटच्या (दोघांचा रंग चांगला जुळलेल्या) पानांवर हा मार्ग घेऊ नये.

चौथा मार्ग फिट जंप, म्हणजे ४ चौकट. ३ चौकट नैसर्गिक आणि फोर्सिंग असल्याने ४ चौकट ही एक पायरी जास्तीची उडी ठरते. तिचा अर्थ असा ठरवता येतो: इस्पिकची किमान चार पाने, चौकटची पाच पाने आणि त्यांत वरच्या तीनांपैकी (एक्का, राजा, राणी) दोन मान, शिवाय गेमची ताकद. एका बोलीत साथ, बाजूचा रंग आणि ताकद तिन्ही सांगून होतात. याची किंमत एवढीच की हीच उडी स्प्लिंटर (साथ आहे आणि बोललेल्या रंगात एकच पान किंवा एकही नाही) म्हणून वापरता येत नाही. पश्चिमने ओव्हरकॉल (प्रतिपक्षाच्या ओपनिंगवर आपली बोली) केल्यावर फिट जंप जास्त उपयोगी पडतो असे आमचे ठाम मत आहे. स्प्लिंटर मुख्यतः स्लॅम शोधायला मदत करतो. प्रतिपक्ष मध्ये आला की स्लॅमपेक्षा पाचव्या पातळीवर 'बोलू की मारू (डबल करू)' हा प्रश्न कितीतरी जास्त वेळा येतो, आणि तिथे भिडूला बाजूचा रंग माहीत असावा लागतो.

या जोडीत ४ चौकटचा अर्थ ठरलेलाच नव्हता. तेव्हा त्या क्षणी उत्तरला प्रत्यक्षात ३ बदाम हाच चांगला मार्ग उपलब्ध होता. ४ इस्पिक का म्हटले, याचे त्याचे कारण असे: 'गेम तर आहेच, मग पूर्वला जागा कशाला द्या?' कमी ताकदीच्या पानांवर हा विचार बरोबर असतो. इथे दोघांची मिळून २४ पॉइंटांची पाने होती आणि प्रतिपक्ष पुढे जाणार हे उघड होते. अशा वेळी जागा अडवण्यापेक्षा भिडूला चित्र देणे महत्त्वाचे.

पूर्वच्या बाजूने पाहा. त्याच्याकडे २ पॉइंट, बदामाची चार पाने आणि एकच इस्पिक. व्हल्नरेबल नसताना ५ बदाम तो कोणत्याही परिस्थितीत बोलणार. ४ इस्पिकने त्याला अडवले नाही. अडकला तो दक्षिण.

दक्षिणचा पास

पूर्वच्या ५ बदामांनंतर दक्षिण बराच वेळ थांबला आणि पास म्हणाला. त्याच्या मनातले चित्र: भिडूकडे इस्पिकची पाच पाने, एखादे एकपानी रंग, ५-६ पॉइंट. तसे असेल तर ५ इस्पिक जमण्याची आशा थोडीच. चौकट एक्का आणि एक इस्पिक धरून बचावात दोन हात दिसतात, तिसरा दिसत नाही, म्हणून डबलही नाही. त्याच्या समजुतीने हा साधा पास होता, फोर्सिंग नव्हता. भिडूनेही पास केला असता तर ५ बदाम डबलशिवाय खेळले गेले असते आणि त्याला ते मान्य होते.

उत्तरच्या समजुतीने तोच पास फोर्सिंग होता, कारण टिपणातली ओळ 'आपण गेम बोललो' एवढेच म्हणते. फोर्सिंग पासच्या रूढ अर्थाने दक्षिण जणू सांगत होता: 'मला पुढे जायला हरकत नाही, तू ठरव.' म्हणजे एकाच पासचे दोन भिडूंनी दोन अर्थ लावले. एकाचा अर्थ 'माझ्याकडे जास्त काही नाही', दुसऱ्याचा 'माझी पाने पुढे जाण्याजोगी आहेत'.

पास फोर्सिंग कधी धरावा, हा नियम ताकदीवर बेतायला हवा. डाव आपला आहे, प्रतिपक्ष केवळ तोटा कमी करायला वर जातो आहे, हे बोलीवरून दोघांनाही स्पष्ट असेल, तेव्हाच त्यांना डबलशिवाय खेळू न देणे योग्य. क्यू बिड, फिट जंप किंवा दुसऱ्या एखाद्या ताकद दाखवणाऱ्या बोलीतून गेमला पोहोचलो असू तर पास फोर्सिंग. आपण व्हल्नरेबल आणि ते नसताना हे आणखी पक्के. १ इस्पिकवर थेट ४ इस्पिक अशी अडवणूक केली असेल तर पास फोर्सिंग नाही, कारण डाव कोणाचा हेच ठरलेले नसते.

या नियमाने पाहिले तर दक्षिणचे वाचन योग्य आणि त्याचा पासही योग्य. त्याच्या खात्यात आम्ही फारसा दोष लावत नाही.

शेवटचा डबल

आता बोली उत्तरकडे आली आहे. त्याने बचावातले हात असे मोजले: चौकटचे दोन, किलवरचा एक, भिडूच्या ओपनिंगमधून इस्पिकचा एक किंवा दोन. म्हणजे चार ते पाच, आणि ५ बदाम दोन किंवा तीनने बुडणार. प्रत्यक्षात तीनच हात मिळाले.

गफलत चौकटीत आहे. राजा-राणी-गुलामासह पाच पाने दिसली की दोन हात धरायचा मोह होतो. पण भिडूकडेही चौकटची चार पाने असतील, तर प्रतिपक्षाकडे दोघांत मिळून चारच उरतात आणि दुसऱ्या फेरीवर हुकूम पडण्याची शक्यता खूप वाढते. पाचव्या पातळीवर स्वतःच्या लांब रंगात बचावाचा एकच हात धरावा, दुसरा भिडूकडे तो रंग आखूड असल्याचे कळले तरच. हीच पाने आपण खेळलो तर मात्र पाच हात देतात. असा रंग हल्ल्यात मोलाचा आणि बचावात हलका, म्हणूनच तो भिडूला आधी सांगायचा असतो.

दुसरी गोष्ट बदामाची. उत्तरकडे दोन लहान बदाम होते, आणि 'दोन हात जाणार' ही भीती डबलमागे होती. पण पश्चिमने दुसऱ्या पातळीवर ओव्हरकॉल केला आणि पूर्व पाचव्या पातळीवर गेला, म्हणजे दोघांत बहुधा दहा बदाम आहेत. दहा त्यांचे, दोन आपले, भिडूकडे एकच. हे अनुमान टेबलावर सहज काढता येते.

तरीही ५ इस्पिक बोलणे तेव्हा उघड उघड बरोबर होते, असे म्हणता येणार नाही. प्रश्न ५ बदाम किती हातांनी बुडणार हा होता. दुसऱ्या टेबलावर डबल झाला असे धरून हिशेब करू. ५ इस्पिक जमला तर +६५०, डबल होऊन एकने बुडाला तर −२००.

५ बदाम एकने बुडणार असतील तर बोलून मिळतात ५५० गुण, म्हणजे ११ आयएमपी. जातात ३०० गुण, म्हणजे ७ आयएमपी. सुमारे ३९ टक्के वेळा जमला तरी बोलणे परवडते.

दोनने बुडणार असतील तर मिळकत ३५० गुणांची, ८ आयएमपी, आणि तोटा ५०० गुणांचा, ११ आयएमपी. आता ५८ टक्के लागतात.

तीनने बुडणार असतील तर मिळकत फक्त १५० गुण, ४ आयएमपी. तोटा ७०० गुण, १२ आयएमपी. तेव्हा ७५ टक्के खात्री हवी.

प्रतिपक्षाचा प्रत्येक जादा बुडणारा हात आपला उंबरठा सतरा ते एकोणीस टक्क्यांनी वर नेतो. म्हणून 'आपला जमेल का?' याच्याआधी 'त्यांचे किती बुडतील?' हे विचारायचे. उत्तरने चौकटचा एक हात जास्त धरला आणि त्या एका हाताने निर्णय फिरला.

५ इस्पिक जमणे किलवरच्या एक्क्याच्या जागेवर अवलंबून होते हेही नोंदवायला हवे. पूर्वकडे तो असता तर एक बदाम आणि दोन किलवर जाऊन कॉन्ट्रॅक्ट एकने बुडाला असता. पण दुसऱ्या पातळीवर ओव्हरकॉल करणाऱ्या पश्चिमकडे एक्का असण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त, आणि एकने बुडण्याच्या बाबतीत लागणारे ३९ टक्के त्यात सहज बसतात.

एकूण हातांचा नियम काय सांगतो

फ्रान्सचे जाँ-रेने व्हर्न यांनी १९६० च्या दशकात मांडलेला आणि पुढे लॅरी कोहेन यांनी लोकप्रिय केलेला नियम असा: दोन्ही बाजूंच्या सर्वांत लांब हुकुमांची बेरीज ही दोन्ही बाजू आपापल्या रंगात करू शकतील त्या हातांच्या बेरजेच्या जवळपास असते. इथे इस्पिक नऊ आणि बदाम दहा, बेरीज १९. नियमाप्रमाणे आपले अकरा होत असतील तर त्यांचे आठच व्हायला हवेत, आणि मग डबल उत्तम. पाचवर पाच बोलायला सर्वसाधारणपणे बेरीज २१ च्या आसपास लागते.

प्रत्यक्षात अकरा आणि दहा, म्हणजे २१ हात झाले. दोन जास्त.

याची कारणे पानांतच आहेत. दोन्ही बाजूंना दुसराही रंग जुळला होता: उत्तर-दक्षिणला चौकटची नऊ पाने, पूर्व-पश्चिमला किलवरची आठ. शिवाय मान अगदी स्वच्छ वाटलेले. इस्पिक आणि चौकट यांतले वरचे चारही मान उत्तर-दक्षिणकडे, बदामाचे चारही पूर्व-पश्चिमकडे. प्रतिपक्षाच्या हुकुमात वाया गेलेली राणी किंवा गुलाम कोणाकडेच नव्हता. दुहेरी फिट आणि स्वच्छ मान असले की बेरजेत एक, कधी दोन हात वाढवून धरावे लागतात.

फरक किती सूक्ष्म असतो ते पाहायला दोनच पाने हलवू. दक्षिणची चौकट ९ पूर्वला आणि ६ पश्चिमला द्या, बदल्यात पूर्वची किलवर ३ आणि पश्चिमची ६ दक्षिणला. आता दक्षिणकडे चौकट एक्का-३ आणि किलवरची पाच पाने आहेत. ५ इस्पिकचे अकरा हात अजूनही होतात, कारण पूर्वची चारही चौकट चार फेऱ्यांत संपतात आणि उत्तरची सत्ती मोठी होते. पण ५ बदामांत पश्चिमला आता दोन चौकट गमवाव्या लागतात आणि त्यांचे नऊच हात होतात. डबलचे १०० वरून ३०० झाले. हुकूम तेवढेच, बेरीज २१ वरून २०. आपला फायदा ११ वरून ८ आयएमपींवर आला. दक्षिणची चौकट दोन की चार, एवढ्यावर ही उलथापालथ होते, आणि पहिल्या टेबलावर उत्तरला ती संख्या कळायला मार्गच नव्हता.

लांबलेल्या पासचा प्रश्न

दक्षिण पास करण्यापूर्वी बराच थांबला, हे वर आले आहे. त्याचा परिणाम फक्त मनःस्थितीपुरता नसतो. डुप्लिकेट ब्रिजच्या १६ व्या नियमानुसार भिडूच्या थांबण्यातून कळलेली गोष्ट ही अनधिकृत माहिती ठरते, आणि तिने उघडपणे सुचवलेली बोली, दुसरा सयुक्तिक पर्याय उपलब्ध असताना, निवडता येत नाही.

इथे करारातली अस्पष्टता दुसऱ्यांदा भोवते. पास फोर्सिंग असेल तर उत्तरला पास करताच येत नाही. उरतात डबल आणि ५ इस्पिक, आणि लांबलेला पास या दोघांपैकी नेमके कोणते सुचवतो हे सांगणे कठीण असते, त्यामुळे उत्तर बऱ्यापैकी मोकळा असतो. पण पास फोर्सिंग नसेल तर उत्तरचा पास हा खरा पर्याय आहे, आणि विचारात पडलेला भिडू 'काहीतरी कर' असेच सुचवतो. मग डबल आणि ५ इस्पिक दोन्ही वादात येतात.

प्रतिपक्षाने डायरेक्टरला (सामन्याच्या पंचाला) बोलावले नाही. बोलावले असते आणि गुण ५ बदाम डबलशिवाय एकने बुडाले असे बदलले असते, तर उत्तर-दक्षिणला ५० मिळाले असते. उलट उत्तरने ५ इस्पिक बोलून ६५० मिळवले असते, तर तेही काढून घेतले जाण्याचा धोका होता. म्हणून फोर्सिंग पासचा करार लिहून ठेवणे न्यायाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. डायरेक्टरला दाखवायला हातात कागद असतो.

सवय म्हणून आणखी एक गोष्ट पाळावी: प्रतिपक्ष ५ बदामांवर जाणार हे दिसतच असते, तेव्हा आपल्या पाळीपूर्वीच उत्तर तयार ठेवावे. दक्षिणला ४ इस्पिक टेबलावर आल्यापासून विचार करायला वेळ होता.

दुसऱ्या टेबलावर

तिथे उत्तर-दक्षिण बसलेल्या जोडीकडे फिट जंपचा करार होता. बोली: १ इस्पिक, २ बदाम, ४ चौकट, ५ बदाम, ५ इस्पिक, मग तीन पास.

दक्षिणचा ५ इस्पिक तिथे एका श्वासात आला. त्याला दिसत होते की इस्पिक नऊ, चौकट नऊ, बदाम एक. बचावात मात्र इस्पिकचा एक हात आणि चौकटचा एखादा, कदाचित तोही नाही. दोन्ही बाजूंचे कॉन्ट्रॅक्ट जमू शकतील असे चित्र असेल, तर वर बोलणे हा विमा असतो. स्वतःचा थोडक्यात बुडाला तरी त्यांचा डबल होऊन जमण्याचे ६५० गुण तर वाचतात.

हाच दक्षिण चौकट एकपानी आणि किलवरमध्ये राजा-राणी धरून बसला असता, तर त्याच ४ चौकटवर त्याने डबल केला असता. भिडूचा रंग आपल्याकडे आखूड, आपले मान प्रतिपक्षाच्या बाजूच्या रंगात, म्हणजे बचाव. फिट जंप 'बोल' असे सांगत नाही, ठरवायला लागणारे पान दाखवतो.

पश्चिमने बदाम राजाची उतारी केली आणि तोच रंग पुढे खेळला. डिक्लेररने (कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्या दक्षिणने) हुकूम मारला, तीन फेऱ्यांत इस्पिक काढले, पाच चौकट खेळून एक किलवर टाकली आणि शेवटी दक्षिणकडून उत्तरच्या किलवर राजाकडे खेळून अकरा हात पूर्ण केले. इस्पिक किंवा चौकटच्या उतारीवर बारा झाले असते, कारण पाचव्या चौकटीवर दक्षिणचा एकुलता बदाम निघून जातो.

पूर्वने ५ इस्पिकवर पुन्हा बोलायचे टाळले. पाने उघडी ठेवून पाहिले तर ६ बदाम डबल होऊन दोनने बुडतात, ३०० गुण, म्हणजे ६५० पेक्षा स्वस्त. तरीही त्याचा पास योग्यच. प्रतिपक्षाला पाचव्या पातळीवर ढकलले की त्यांचा कॉन्ट्रॅक्ट बुडण्याची खरी शक्यता निर्माण होते, आणि पुन्हा बोलून ती आपणच मिटवायची नसते.

६५० विरुद्ध १००. फरक ५५०, आणि या अभ्यासातल्या जोडीच्या टीमला ११ आयएमपींचा फटका.

नंतर काय बदलले

जोडीने टिपणातली ती एक ओळ खोडली आणि तिच्या जागी चार गोष्टी लिहिल्या. ओव्हरकॉलवर मेजरमध्ये थेट गेमची उडी फक्त कमी ताकदीची, आणि त्यानंतरचा पास कधीही फोर्सिंग नाही. चौथ्या पातळीवर नव्या मायनर रंगातली (चौकट, किलवर) उडी म्हणजे फिट जंप: चार पानांची साथ, पाच पानांचा रंग, वरच्या तीनांपैकी दोन मान. क्यू बिड करणाऱ्याने आमंत्रणापेक्षा जास्त ताकद दाखवली किंवा ओपनरने ती स्वीकारली, तरच पुढचा पास फोर्सिंग. फोर्सिंग परिस्थितीत थेट डबल म्हणजे 'पुढे जायला माझी पाने योग्य नाहीत', पास म्हणजे 'तू ठरव'.

सरावासाठी त्यांनी हीच पाने घेतली, दक्षिणची इस्पिक आणि बदाम तशीच ठेवली आणि चौकट-किलवर वेगवेगळ्या प्रकारे वाटून पुन्हा पुन्हा बोली केली. प्रत्येक वेळी दक्षिणने आधी आकडा लिहायचा: ५ बदाम किती हातांनी बुडतील? मगच बोलायचे, आणि शेवटी चारही हातांची पाने उघडून पडताळायचे. पहिल्या काही डावांत दक्षिणचा आकडा जवळजवळ दरवेळी एकाने जास्त निघाला आणि कारण नेहमी तेच, भिडूच्या चौकट रंगात धरलेला दुसरा हात.

एक जागा अजून सुटलेली नाही. १ इस्पिक, २ बदाम, ३ बदाम, ५ बदाम अशी बोली झाली आणि क्यू बिड फक्त आमंत्रणाच्या ताकदीची असू शकते. ओपनरने तिथे पास केला तर तो फोर्सिंग धरायचा का? दक्षिणचे मत, आपण व्हल्नरेबल आणि ते नसताना होय, एरवी नाही. उत्तरला ओपनरचा डबल ताकद सांगण्यासाठी आणि पास साधा हवा आहे. दोन्ही पद्धती खेळण्याजोग्या आहेत. पुढच्या सामन्यापर्यंत त्यांनी दक्षिणची पद्धत धरली आहे, आणि ती कागदावर आहे.